डोक्याचे तीन, पायांचे दोन

भाचा शेजारी बसून बघत होता. वय वर्षं तेरा, मांडीवर उशी, उशीवर दोन्ही कोपरं आणि तळव्यांत हनुवटी. पडद्यावर बॅटलटेक नावाचा खेळ होता, आत माणूस बसून चालवतो अशा हातापायांच्या अजस्र लढाऊ यंत्रांचा, आणि माझ्या चार यंत्रांनी शत्रूच्या एकाला कोंडीत पकडलं होतं. त्याचा डावा पाय मघाशीच गेला होता, तो आडवा झाला होता, आणि उजव्या पायाचं आर्मर सोलून आतला सांगाडा उघडा पडला होता. मी नेम धरायचा पर्याय उघडला. खेळ जागच्या जागी थांबला आणि त्या यंत्राची सपाट आकृती समोर आली. डोकं, छाती, छातीच्या दोन बाजू, दोन हात, दोन पाय, आणि प्रत्येक भागाला टक्क्यांचा एक आकडा. माझा हात आपोआप उजव्या पायाकडे गेला.

"मामा, तू नेहमी पायच का मारतोस?"

मी म्हटलं, "दोन्ही पाय गेले की यंत्र संपतं. आतला माणूस वाचतो." हे जरा मोठेपणा घेऊनच म्हटलं. मुलांसमोर खेळताना आपण उगाच चांगले होतो. तो थोडा वेळ गप्प राहिला. माझ्या क्षेपणास्त्रांनी पायाचा चुरा केला, धूर निघाला, धातू कण्हल्यासारखा आवाज आला आणि ते धूड मातीत तोंड खुपसून पडलं. मग तो अगदी सहज, गणिताचं उत्तर तपासून पाहावं तसं म्हणाला, "पण पायांचे दोनच तुकडे मिळतात ना. पायलट मेला असता तर तीन."

त्याचं बरोबर होतं. २०१८ च्या बॅटलटेकमध्ये तुम्ही भाडोत्री सैनिकांच्या टोळीचे मालक असता. लढाई संपली की रणांगणावरचं भंगार गोळा करायचं आणि त्यातून आपला तांडा वाढवायचा. मूळ सेटिंगला एका जातीचे तीन तुकडे जमले की अख्खं यंत्र उभं राहतं. छाती फोडून मारलंत तर इंजिनासकट सगळं जातं, हाती एकच तुकडा लागतो. दोन्ही पाय तोडलेत तर दोन. आणि यंत्राला फारसा धक्का न लावता आतला माणूस तेवढा संपवलात, तर तीनच्या तीन. आज मारलेलं यंत्र थोड्या डागडुजीनंतर आपल्याच बाजूनं लढायला तयार. यात लपवलेलं काही नाही, कुणालाही दोन-चार लढायांत कळतं. मलाही कित्येक वर्षं माहीत होतं. पण कुणी ते असं मोठ्यानं म्हटलं नव्हतं. त्या रात्री दिवे मालवल्यावरही ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. पायलट मेला असता तर तीन.

हा खेळ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यात नेम धरणं जवळजवळ नव्हतंच. संगणकही नव्हता. हॉस्टेलच्या खोलीत लोखंडी खाटेवर षटकोनांचा नकाशा पसरलेला, पुठ्ठ्याची उभी केलेली यंत्रं, आणि ज्याचा तो खेळ होता त्या मित्रानं झेरॉक्स करून आणलेली रेकॉर्ड शीटं. मूळ बॅटलटेक १९८४ चा, आमच्यापर्यंत बराच उशिरा आणि बराच चुरगळून पोचला. शीटवर यंत्राची आकृती छापलेली, आणि तिच्या प्रत्येक अवयवात बारीक बारीक गोल. जेवढा मार बसेल तेवढे गोल पेन्सिलीनं भरायचे. बाहेरचे गोल म्हणजे आर्मर, ते संपले की आतले गोल म्हणजे सांगाडा. हात संपून मार उरला तर तो त्या बाजूच्या धडात शिरायचा, तिथूनही उरला तर छातीत. पायातून उरलेलाही तसाच वर चढायचा. आणि धडाची बाजू गेली, की त्या बाजूचा हात कितीही धडधाकट असला तरी गळून पडायचा. त्याचे गोल कोरे असले तरी त्यावर काट मारायची. ही काट मारताना फार वाईट वाटायचं. मार खाऊन गेलेल्या हातापेक्षा असा आयता गेलेला हात जास्त लागायचा.

वार कुठं बसला हे फासे सांगत. दोन फाशांची बेरीज. सात सगळ्यात जास्त वेळा पडतात, म्हणून सात म्हणजे छाती. तीनपासून सहापर्यंत उजवी बाजू : हात, पाय, धड. आठपासून अकरापर्यंत डावी. दोन पडले तर पुन्हा छाती, पण असा वार की बाहेरचं आर्मर शाबूत असतानाही आतलं काही फुटू शकतं. आणि बारा पडले तर डोकं. छत्तीसांत एकदा. डोक्याचं आर्मर जास्तीत जास्त नऊ, आतला सांगाडा तीन, एकूण बारा गोल. शंभर टनांचं धूड असो की वीस टनांचं चिलट, डोकं सगळ्यांचं सारखंच नाजूक. वीसचा मार देणारी मोठी तोफ डोक्यावर बसली की पुढं काही मोजायचं कारणच नाही.

फासे हातात खुळखुळवत असताना खोलीत कुणी बोलत नसे. एक मित्र प्रत्येक वेळी डोळे मिटून टाकायचा. बारा पडले की ओरडा, खाटेचा करकराट, आणि ज्याचं यंत्र गेलं तो शीटकडे असा बघत बसायचा जणू कुणी त्याची मार्कशीटच फाडली. पण कुणी कुणावर चिडायचं नाही. डोकं उडवलं ते फाशांनी. ज्यानं मारलं त्याचे हात स्वच्छ. मला आता वाटतं, त्या खेळात आम्ही इतके निवांत भांडायचो त्याचं एक कारण हे असावं. निवड आमची नव्हती. बंद पडून निश्चल झालेल्या यंत्रावर नेम धरता यायचा, किंवा नेमासाठीचा खास संगणक बसवलेला असला तर. पण आमच्याकडच्या शीटांवर तो नव्हता, आणि निश्चल यंत्राला पुन्हा मारायचं आमच्यात कुणी फारसं करत नसे. नियमात होतं, तरी नकोसं वाटायचं.

पायलटचेही गोल होते, शीटच्या कोपऱ्यात. सहा. डोक्याला नुसता ओरखडा लागला तरी त्यातला एक भरायचा, मग पायलट शुद्धीवर राहतो की नाही यासाठी फासे टाकायचे. पहिल्या जखमेला तीन पडले तरी भागतं. पाचव्या जखमेला अकरा लागतात. सहावी जखम झाली की फासे टाकायचेच नाहीत. तेव्हा मला हा कोपरा फार आवडायचा, कारण तो शीटवरचा एकमेव भाग होता ज्याला टनांमध्ये वजन नव्हतं.

आणि दारूगोळा. मशीनगन म्हणजे त्या जगातलं सगळ्यात क्षुद्र हत्यार, दोनचा मार, माणसांवर चालवायला ठीक. पण तिचा दारूगोळा टनावर घ्यावा लागतो, आणि एका टनात दोनशे फैरी. त्या पेटीला आतून धक्का लागला तर दोनशे गुणिले दोन, चारशेचा स्फोट, तोही स्वतःच्या पोटात. एवढा मार तर समोरच्यानं आख्ख्या संध्याकाळीत दिला नसता. आमच्यातला एकजण 'असू दे, हलकी आहे' म्हणत मशीनगन जपून ठेवायचा आणि लढाईत एकदाही चालवायचा नाही. त्याचं यंत्र कधी, कुठल्या कोपऱ्यात फुटलं ते मी विसरलो. त्याचा चेहरा आठवतो. तो हसत होता आणि पेन्सिल शोधत होता, कारण भरायला गोलच पुरत नव्हते.

पुढं संगणक आले, त्याच यंत्रांचा संगणकावरचा खेळ मेकवॉरियर २ आला १९९५ मध्ये, आणि फाशांच्या जागी नेम आला. कुठं मारायचं ते आता आपल्या मनगटात होतं. यात खरं तर आनंदच व्हायला हवा होता, झालाही. पण त्याबरोबर माणसं उघडी पडायला लागली. कोण कुठं मारतो यावरून माणूस कळतो असा माझा एक खासगी आणि बहुधा अन्यायकारक समज आहे. थेट छातीवर मारत राहणारे असतात. त्यांना उगाच वळणं नकोत, काम संपवून दुसऱ्याकडे जायचं असतं, भंगाराची पर्वा नसते. खांद्यावर मारणारे असतात. ते आधी समोरच्याचा अभ्यास करतात. हंचबॅक नावाचं पन्नास टनी यंत्र पाहिलं की त्यांची नजर पहिल्यांदा उजव्या खांद्यावरच्या त्या बेढब कुबडाकडे जाते, कारण तोफ तिथं आहे. कुबड उतरवलं की उरतो तो चार पावलं चालणारा गरीब माणूस. आणि त्यातलेही जे जास्त मुरलेले असतात त्यांना ठाऊक असतं की त्या तोफेचा दारूगोळा दुसऱ्या बाजूला, डाव्या धडात ठेवलेला असतो. पाठीवर मारणारे असतात. पाठीचं आर्मर सगळ्यांचंच पातळ, म्हणून मागे जायला मिळावं यासाठी ते अख्खी लढाई फिरत राहतात. आणि पाय मारणारे असतात. म्हणजे मी.

मार खाणाऱ्यालाही निवड असते, हे मला उशिरा कळलं. मेकवॉरियर ऑनलाइनमध्ये जी मंडळी तासन्‌तास खेळतात ती समोरून गोळी येताना स्थिर उभी राहतच नाहीत. वार केला की कमरेतून वळायचं, आणि पुढचा मार ज्या अंगावर घ्यायला परवडेल ते अंग पुढं करायचं. सेंच्युरियन नावाच्या यंत्राच्या मूळ प्रकारात तोफ उजव्या हातात असते आणि डावा हात रिकामा. मग तो रिकामा हात म्हणजेच ढाल. हात तुटतो, धडाची बाजू तुटते, तरी छातीत दोन लेझर असतात आणि तेवढ्यावर तो गडी लढत राहतो. अशाला खेळाडू झाँबी म्हणतात. दोन पाय, एक छाती, एक डोकं, आणि बाजूला काहीच नाही. कोळसा होईपर्यंत जळून गेलेल्या झाडाच्या खोडासारखं काहीतरी तुमच्या अंगावर चालत येतं. मी पहिल्यांदा झाँबी झालो तेव्हा घाबरायच्या ऐवजी मला विलक्षण हलकं वाटलं होतं. आता जपायचं काही राहिलंच नव्हतं.

इंजिनाचाही एक हिशेब आहे, आणि तो मला कायम जुगारासारखा वाटत आला आहे. वजन वाचवायचं तर हलकं एक्सएल इंजिन बसवायचं. पण ते आकारानं मोठं, छातीत मावत नाही, दोन्ही बाजूंच्या धडांत पसरतं. बाजू फुटली की ती इंजिनाचे तीन भाग घेऊन जाते, आणि इंजिनाला तीन जखमा म्हणजे खेळ खलास. अशा यंत्राला मारायचं तर छातीशी झटायची गरज नाही, कुठलीही एक बाजू पुरे. समोरच्यानं आत काय बसवलंय हे बाहेरून दिसत नाही. वेग बघून अंदाज बांधायचा. एवढं जड यंत्र एवढं कसं पळतंय? मग मारा बाजूला.

मागच्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. काही पडलो-धडपडलो नाही, एका सकाळी शर्टाच्या बाहीत हात जाईना, एवढंच. डॉक्टरांकडे एक छापील कागद मिळाला. माणसाची आकृती, एक समोरून आणि एक पाठीमागून, आणि खाली सूचना, जिथं दुखतं तो भाग रंगवा. मी पेन्सिल घेतली आणि बसल्या बसल्या खांद्यावर बारीक गोल काढून ते एकेक करून भरायला लागलो. सात-आठ भरून झाल्यावर माझं माझ्याच लक्षात आलं. डॉक्टरांनी कागद पाहिला, काही बोलले नाहीत, हात वर करायला सांगितला. कानापर्यंतही गेला नाही. हाताला काहीही झालेलं नव्हतं. बोटं चालत होती, मूठ घट्ट होती, कोपर वाकत होतं. पण वरच्या फळीवरचा डबा काढता येत नव्हता. मला त्या हातावर काट मारल्यासारखी वाटली. कोऱ्या गोलांवर.

ते सगळे महिने मी खेळलो, माउस डाव्या हातात घेऊन, वाईट नेमानं. पण खांद्यावर मारणं मला जमेनासं झालं. हे खरं सांगायला लाज वाटते. पडद्यावरच्या लोखंडाची कीव करणारा माणूस आपण नाही असं मी स्वतःला समजत होतो. समोर हंचबॅक यायचा, त्याचं कुबड मोठं, नेम सोपा, सगळं शास्त्र सांगतंय की तिथंच मार, आणि मी पाय मारायचो. पाय मारायची सवय जुनीच, पण ती इतकी पक्की त्या काळात झाली असावी.

पायांची एक वेगळीच बदनामी आहे. ऑनलाइन लढतींच्या सुरुवातीच्या दिवसांत पाय मारणं कमीपणाचं मानणारे पुष्कळ होते. त्याला 'लेगिंग' म्हणायचे, आणि म्हणताना तोंड वाकडं व्हायचं. त्यामागचं कारण साधं होतं. पाय बारीक, आर्मर मर्यादित, आणि काही खेळांत एक पाय गेला तरी यंत्र कायमचं निकामी व्हायचं. मग बाकीचं यंत्र इतकं जपून, जुळवून, रात्र रात्र जागून बांधलं त्याला अर्थ काय? मेकवॉरियर ऑनलाइनमध्ये दोन्ही पाय जावे लागतात, एक गेला तर लंगडत राहता येतं, त्यामुळं ती चिडचिड बरीच निवली. तरीही मी पाय मारला की क्वचित कुणीतरी लढाई संपल्यावर काहीतरी बोलून जातोच. मला त्यावर दरवेळी दुर्योधनाची मांडी आठवते. गदायुद्धात बेंबीखाली वार नाही, हे दोघांना माहीत होतं, आणि शेजारून मांडीवर थाप मारून खूण केली गेली. नंतर बलराम संतापला, नांगर उचलून धावला. ती गोष्ट ऐकताना लहानपणी मी भीमाच्या बाजूनं असायचो, आणि मांडी फुटली की मला आनंद व्हायचा नाही. दोन्ही एकाच वेळी. अजूनही तसंच आहे.

रणगाडे मारणाऱ्या सैनिकांच्या भाषेत यासाठी कोरडे शब्द आहेत. मोबिलिटी किल म्हणजे पट्टा किंवा चाकं तोडून गाडी जागीच खिळवणं. फायरपॉवर किल म्हणजे तोफ निकामी करणं. आणि तिसरा प्रकार, ज्यानंतर दुरुस्तीची भाषाच उरत नाही. तिन्हींत किल आहे. गंमत म्हणजे या वर्गवारीत गाडीचं काय होतं ते नीट मांडलेलं आहे, आतल्या माणसांचं काय ते शब्दात येत नाही. शिडाच्या जहाजांच्या काळातही हा प्रश्न होताच. फ्रेंच गोलंदाज शिडं आणि डोलकाठ्यांवर मारायचे, म्हणजे जहाज पळू शकत नाही. ब्रिटिश जहाजाच्या धडावर, म्हणजे तोफांच्या मजल्यावर, माणसांवर. आणि ब्रिटिश नौदलात पकडलेल्या जहाजाची किंमत खलाशांपर्यंत वाटली जायची. जहाज बुडवण्यापेक्षा त्यावरची माणसं कमी करून ते ओढत घरी आणणं फायद्याचं. भाच्याचं वाक्य ऐकण्याआधी मी हे वाचलं असतं तर ते मला इतकं नवीन वाटलं नसतं.

ज्यांनी फ्रंट मिशन खेळलंय त्यांची उत्तरं वेगळी असतील. १९९५ च्या त्या जपानी खेळात यंत्राचे चारच भाग, धड, दोन हात आणि पाय. डोकं वेगळं नाहीच. हात दोन्ही गेले की शत्रू मारू शकत नाही, पाय गेले की जेमतेम सरकतो, धड गेलं की संपतो. आम्ही काय करायचो? शेवटच्या शत्रूचे दोन्ही हात आधी तोडायचो, मग त्याला जिवंत ठेवायचो. तो बिचारा नकाशावर इकडून तिकडे जातो, आणि आपली पोरं त्याच्यावर पाळीपाळीनं सराव करून अनुभवाचे गुण मिळवतात. तासभर. त्यावेळी मला यात काही वावगं वाटलं नव्हतं, उलट हुशारी वाटली होती. आता आठवलं की अंगावर काटा येतो. छाती फोडणाऱ्याला मी वर नावं ठेवली, पण तो निदान वेळ लावत नाही. १९९९ च्या तिसऱ्या भागात मात्र एक गोष्ट मला अजून आवडते. तिथं शत्रूचा पायलट यंत्रातून बाहेर फेकला जाऊ शकतो, किंवा शरण येऊ शकतो, आणि मग तुमचा माणूस जाऊन त्या रिकाम्या यंत्रात बसू शकतो. भंगाराचे तीन तुकडे नाहीत. अख्खं यंत्र, आणि त्याचा मालक मैदानात उभा राहून बघतोय.

आणि स्टील बटालियन. २००२ चा. त्याचा कंट्रोलर म्हणजे टेबलावर अंथरायचं पॅनेल, चाळीसेक बटणं, दोन दांडे, खाली तीन पेडलं. एका कोपऱ्यात झाकणाखाली लाल बटण, बाहेर उडी मारायचं. यंत्र फुटायच्या आत झाकण उघडून ते दाबलं नाही तर तुमचा पायलट मरतो, आणि सेव्ह केलेला खेळ पुसला जातो. मी तो एकदाच खेळलो, कुणाकडे तरी, पंधरा मिनिटं. लढलो किती ते सांगण्यासारखं नाही. एक हात सारखा त्या झाकणावर होता. पंधरा मिनिटांत पाच वेळा तरी झाकण उघडून बंद केलं. शेजारचा हसत होता, 'अरे अजून कुणी दिसलं पण नाहीये.' समोरचा पायलट मेला तर मला तीन तुकडे. माझा मेला तर सगळंच.

भाच्याला मी नंतर यातलं काही सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही. त्याची परीक्षा आली, तो गेला, आणि मी एकटा खेळत राहिलो. माझा पायांचा हट्ट तसाच. पण आता प्रत्येक वेळी आकृती समोर आली की डोक्यावरचा तो छोटासा आकडा दिसायचा. पूर्वी दिसतच नव्हता, असं नाही. पूर्वी मी त्याला वाचत नव्हतो.

मग एका रात्री मरॉडर आला. पंचाहत्तर टन, दोन्ही हातांत कणतोफा, पाठीवर तिसरी तोफ, आणि चालणं असं की खेकडा कंबर वाकवून पुढं येतोय. हॉस्टेलच्या खोलीतल्या त्या पुठ्ठ्यांतही तो होता, मला कधी मिळाला नाही, ज्याचा खेळ होता तो स्वतःकडेच ठेवायचा. मरॉडरला मान नाही. डोकं म्हणजे पुढं आलेल्या नाकाडावरची काच, तेवढीच. मी त्याला आडवा पाडला. माझ्या मनोबलाचे गुण पुरेसे होते, तोफा गार होत्या, गॉस रायफलला शेवटच्या दोन गोळ्या. आकृती आली. पाय, पाय, हात, हात, धड, छाती. आणि वर तो आकडा, लहान पण अगदीच नगण्य नाही.

घरात सगळे झोपले होते. मी पाणी पिऊन आलो. खेळ थांबलेलाच होता. मरॉडर तसाच मातीत कुशीवर पडून, एक हात वर.

परवा भाचा आला. चप्पल काढतानाच त्यानं लॅपटॉप उघडला, सरळ हँगरमध्ये गेला आणि यंत्रं पुढं-मागं सरकवत राहिला. चौथ्या खणात येऊन थांबला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. त्यानं यंत्र गोल फिरवून पाहिलं. दोन्ही पाय धड, दोन्ही हात धड, छातीवर ओरखडा नाही.

"तीन?"

"तीन."

"डोकं?"

"छातीवरच नेम होता," मी म्हटलं. "चुकून वर लागलं."

त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं, फार वेळ नाही, आणि पुन्हा पडद्याकडे. "चुकून मस्त लागलं," म्हणाला, आणि रंगांची यादी उघडली. थोडा वेळ खाली-वर केली. मग विचारलं, काचेला वेगळा रंग देता येतो का, की पूर्ण यंत्राला एकच द्यावा लागतो.